कमलम्माची पाठ

आमचा लातूर जिल्हा आणि माझी मुलगी नीलांबिका एकाच आठवड्यातली. साल ब्याऐंशी, महिना ऑगस्ट. जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा निघाला म्हणून गंजगोलाईच्या बाजारात गुलाल उधळत होते आणि मी दवाखान्याच्या पायरीवर पेढ्यांचा पुडा धरून बसलो होतो. पुढं कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा हा योगायोग मी ज्याला त्याला सांगायचो. आमचे साहेब म्हणायचे, "विरूपाक्ष, दोघांतलं आधी कोण चालायला लागतं ते बघू." मुलगी अकराव्या महिन्यात चालली. जिल्ह्याचं मात्र बरेच दिवस टेबल-खुर्च्यांवरच अडलेलं होतं.

आणि साडेतीन वर्षांची झाल्यावर तीच मुलगी एके दिवशी चालायची थांबली. तिला पुन्हा जमिनीवर आणलं ते कमलम्मानं. डाळ मिलच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली मिलमधल्या बायांची पोरं सांभाळणारी ही बाई. तिला अक्षर येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं, आणि दोन अंकी बेरीज ती बोटांची पेरं मोजून करायची. नंतर लातुरात शिकवणी वर्गांचं पेव फुटलं, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो लागले, मीही बरीच शहाणी माणसं जवळून पाहिली. तरी शहाणपण म्हटलं की मला ती वाकडी पाठच आठवते. हे कौतुक थोडं जास्त होतंय असं वाटत असेल तर वाटू द्या, मी काही ते कमी करणार नाही.

माझे वडील गुंडप्पा त्या वर्षी पौषात गेले. नीलू त्यांना आबा म्हणायची. गाव औशाच्या अलीकडे, रान काळं. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता आणि रानाला अशा भेगा पडल्या होत्या की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. आबांना त्यांच्याच रानात, विहिरीजवळ ठेवलं. सगळं गाव जमलं होतं, रडारड चालली होती, त्यात नीलू कुणाच्या खांद्यावर होती, कुणाच्या कडेवर होती, कुणी बघितलं नाही. रात्री ती आबा कुठं म्हणून विचारायला लागली तेव्हा माझ्या आईनं, महादेवीनं, तिला सांगितलं, "आबा खाली बसल्यात, बाळा. मातीत. शिवाचं नाव घेत बसल्यात." यात खोटं काही नव्हतं. आम्हालाही लहानपणी असंच सांगितलेलं.

दुखवट्याचे दिवस उरकून आम्ही लातूरला आलो. गावी काही कळलं नव्हतं, इथंही पहिले तीन दिवस कळलंच नाही. पोर हिरमुसली आहे म्हणून जो तो तिला उचलून घेत होता. चौथ्या दिवशी माझ्या बायकोनं, महानंदानं, तिला न्हाणीपाशी उभं करायला खाली सोडलं, तर तिनं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले आणि अशी किंचाळली की शेजारच्या बाया धावत आल्या. पुन्हा सोडून पाहिलं, पुन्हा तेच. पाय काही केल्या फरशीला लागू देईना.

"काय झालं गं? काय हाय खाली?"

"आबा हाय," ती म्हणाली. एवढंच. त्यापुढं एक शब्द नाही.

गंमत म्हणजे घरमालकाच्या गच्चीवर नेलं की ती पळायची. बाजेवर उड्या मारायची. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि पाय फर्स्ट क्लास आहेत म्हणाले, वर ताकदीचं औषध लिहून दिलं. म्हणजे दुखणं पायात नव्हतं. मग ते मनातलं भूत आहे, आणि भुतावर एकच औषध, ते म्हणजे विज्ञान, असं मी ठरवलं. मी बी.एस्सी. झालेला माणूस. सेकंड क्लास का होईना.

रविवारी मालकाची पहार घेतली आणि परसात खड्डा खणला. चांगला दोन फूट. नीलूला कडेवर घेतलं आणि म्हणालो, "बघ. आहे का कुणी? नुसती माती आहे."

ती माझ्या कडेवरून वाकली. कितीतरी वेळ खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अजून खाली."

मी आणखी फूटभर खणलं. "अजून खाली," नीलू म्हणाली. हाताला फोड आले, बनियन भिजलं, आणि वरून घरमालक सिद्धेश्वर आप्पा विचारताहेत, "सायब, बोर मारायलाव का? पाणी लागलं तर आम्हाला बी एक घागर द्या." मी पहार फेकली आणि त्या साडेतीन वर्षांच्या लेकरावर खेकसलो. त्या दिवसापासून ती खिडकीतून परसाकडेही बघेना. विज्ञानानं तिला आणखी तीन फूट भीती खणून दिली होती.

माझ्या नोकरीचाही त्याच वेळी ताण वाढला होता. कचेरीत मला टंचाईच्या कामावर टाकलेलं, सकाळी जीप निघाली की अंधार पडल्यावर परत. कोणत्या गावाला टँकर पोचला, कुठला रस्त्यात बंद पडला, कुठल्या विहिरीचा तळ दिसला, हेच दिवसभर. घरी महानंदा एकटी. आमच्या गल्लीत टँकर एक दिवसाआड यायचा. ती एका कडेवर मुलगी आणि दुसऱ्या हातात घागर घेऊन रांगेत उभी राहायची. साडेतीन वर्षांचं पोर काही हलकं नसतं. तिच्या कमरेवर काळानिळा वळ उठला होता, आणि तो मला तिनं दाखवला नव्हता, मला दिसला.

गावाकडून आत्या आली. शिवकांता आत्या, आबांची थोरली बहीण. तिनं नीलूला पाहिलं आणि निदान सांगून टाकलं, "गुंडप्पाचा जीव पोरीत अडकलाय. त्यो तिला भुईवर पाय टेकू देईना." मीठ-मोहऱ्या उतरवल्या, दंडात ताईत आला, मठातली विभूती पाण्यातून पाजली. कशाचाच गुण येईना. तेव्हा आत्या म्हणाली की गावात एक डाग देणारा येतो. विळा तापवून त्याचं टोक पोराच्या दोन्ही टाचांना लावतो. टाच भाजली की बाधा सुटते, पोर आपोआप पाय टाकतं. पुढल्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी त्याला आबांच्या रानात बोलावते.

मी हो म्हणालो.

हे लिहिताना आजही लाज वाटते. माझ्या हातात कलेक्टर कचेरीची फाईल होती, खिशाला पेन होतं, आणि मी हो म्हणालो. थकलो होतो हे खरं. महानंदाची ओढाताण बघवत नव्हती हेही खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला त्या लेकराचा राग आला होता. एवढं समजावून सांगतो, खणून दाखवतो, तरी ऐकत नाही म्हणजे काय! महानंदानं नीलूच्या टाचा आपल्या मुठीत घेतल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

त्यानंतर दोनच दिवसांनी टँकरच्या रांगेत रेटारेटी झाली, महानंदाचा पाय चिखलात घसरला, घागर गेली. मुलगी जाणार तेवढ्यात मागून दोन हात आले आणि त्यांनी नीलूला अलगद उचललं.

"दे हिकडं. तू पाणी भर. म्यां हितं लिंबाखाली हाय."

ती कमलम्मा. पंचेचाळिशीची असेल, दिसायची साठीची. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, अंगावर विटकं लुगडं, आणि पाठ अशी एका अंगाला कललेली की चालताना ती कुणाच्या तरी कानात काही सांगायला वाकली आहे असं वाटायचं. बारा वर्षं तिनं मिलमध्ये तुरीची पोती ओढली. एकदा मणका सरकला तो सरकलाच. मुकादमानं काम बंद केलं, तेव्हा बरोबरीच्या बायांनीच तिला तोड काढून दिली: आमची पोरं तू सांभाळ, आम्ही आमच्या वाट्याच्या चुरी डाळीतली मूठ मूठ तुला देऊ. तेव्हापासून ती त्या लिंबाखाली होती. एक बाज, चार गोणपाटं, एक माठ आणि दहा-बारा पोरं. प्रत्येक मुलीला ती अव्वा म्हणायची. उदगीरकडची होती, तिकडं कानडीत आईला अव्वा म्हणतात.

महानंदा रोज नीलूला तिच्याकडे सोडायला लागली. मला हे कळलं तेव्हा मी आधी फणकारलो. कारकुनाची मुलगी मिलच्या पोरांत? महानंदानं माझ्याकडे असं पाहिलं की मी सूर बदलला.

"ती बाई उपाय काय करते?" मी विचारलं.

"काही नाही. बाजेवर बसवते. खाली उतर असं एकदाही म्हणत नाही. इचारते फक्त."

"काय विचारते?"

महानंदानं सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी कमलम्मानं शेंगा सोलता सोलता नीलूला विचारलं, "आबा खाली काय करायलाय, अव्वा?"

"बसलाय."

"आंधार आसंल."

"हाव."

"मला ठावं हाय. म्यां बी होते खाली."

नीलूनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाकडे तरी मान वर करून पाहिलं. आणि कमलम्मानं तिला आपली गोष्ट सांगितली. लहानपणी, रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी, एका दुपारी गावावर हल्ला होणार अशी आवई उठली. तिच्या आईनं तिला आणि धाकट्या भावाला घरातल्या रिकाम्या पेवात उतरवलं. जमिनीत खोल खणून केलेलं धान्याचं कोठार ते. वर फळी, फळीवर गोणपाट. दोन दिवस दोघं तिथं होती. भाऊ झोपायचा. कमलम्मा जागी असायची आणि वरच्या पायांचा आवाज ऐकायची.

"भ्या वाटलं?" नीलूनं विचारलं.

"लई," कमलम्मा म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. आधीच घाबरलेल्या पोराला ही असल्या गोष्टी सांगते! दुसऱ्या दिवशी जीप मिलपाशी थांबवली आणि तरातरा लिंबाखाली गेलो. म्हणालो, "बाई, खाली काही नाही असं सांगायचं सोडून तुम्ही तिच्या भीतीत भर काय घालता?"

तिनं हातातलं पोर खांद्यावर घेतलं, थोपटलं, मग म्हणाली, "सायब, तिनं आबाला खाली जाताना बघितलंय. म्यां काय न्हाई म्हणलं तर ती मला खोटी समजंल. मग मला काय सांगंल ती?"

"आणि सांगून काय होणार आहे?"

"ते म्यां आत्ताच कसं सांगू? तिनं सांगितल्यावर कळंल."

जाता जाता, काहीतरी बोलायचं म्हणून, रविवारचं सांगितलं. विळ्याचंही. कमलम्मा तेव्हाही ओरडली नाही. खांद्यावरच्या पोराला थोपटणारा तिचा हात मात्र थांबला. "रविवार म्हंजे चार दिस," ती म्हणाली, आणि नीलूच्या पायांकडे बघत राहिली.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. दुपारच्या बसनं गावी जायचं म्हणून मी नीलूला घ्यायला मिलपाशी गेलो. ऊन तापलं होतं. मिलचा पट्टा खडखडत होता, हवेत डाळीचा भुसा. फाटकापाशी पोत्यांची थप्पी होती, तिच्याआड मी आलो आणि जागीच थांबलो, कारण नीलू बोलत होती. बाजेवर गुडघे जवळ घेऊन बसली होती आणि एवढं लांब बोलताना मी तिला महिनाभर ऐकलं नव्हतं.

"अय्यानं आबाच्या डोक्यावर पाय दिला," ती म्हणत होती. "मग आबा खाली गेला."

"हाव?"

"पाय दिला की माणूस खाली जातंय. मी पाय दिला तर आबा अजून खाली जाईल. लई खाली जाईल. मग यायचा न्हाई."

आमच्यात माती लोटण्याआधी जंगमस्वामी, ज्यांना गावात अय्या म्हणतात, गेलेल्याच्या मस्तकावर आपला पाय ठेवतात. गुरूचा पाय डोक्याला लागला की माणूस शिवाला मिळाला, त्याला आणखी काही नको. जन्मापासून बघत आलोय, त्यामुळं मला त्यात बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नीलूनं ते कुणाच्या तरी खांद्यावरून पहिल्यांदा पाहिलं. आधी पाय, मग माती, मग आबा दिसेनासे. तिनं आपलं गणित मांडलं. आम्ही समजत होतो की आजा तिला धरतोय, म्हणून ती घाबरलीय. ती आजाला धरून होती. महिनाभर पाय पोटाशी ओढून, ओरडा खाऊन, आपल्या परीनं त्याला वर तोलून धरत होती. आणि मी तिच्यासमोर तीन फूट खणून म्हणालो होतो, बघ, कुणी नाही.

इतकी वर्षं झाली, तरी माझं ते वाक्य मला विसरता येत नाही. एवढंसं लेकरू आणि केवढं ओझं.

कमलम्मा उठली. गोणपाट झटकून जमिनीवर पसरलं आणि त्या सरकलेल्या मणक्याची बाई आधी गुडघ्यावर, मग हातांवर, असं करत करत पालथी झोपली. तिच्या तोंडून कण्हणं आलं ते तिनं दाबलं.

"अव्वा, माजी पाठ लई दुखायली. जरा तुडवून दे."

हे आमच्याकडं घरोघरी चालतं. रानातून आलेलं म्हातारं माणूस पालथं पडतं आणि नातवंडं भिंतीला धरून त्याच्या पाठीवर पाय देत चालतात.

नीलूनं मान हलवली. "तू खाली जाशील."

"जाते का बघ की. गेले तर वरडीन मी."

"लई खाली जाशील."

"तवा तू हात दे मला. पण दुखायलंय गं."

बाकीची पोरं खेळायची थांबली होती. नीलू बाजेच्या कडेला सरकली. एक पाय खाली सोडला, वर घेतला. पुन्हा सोडला. अंगठा कमलम्माच्या पाठीला लागला तशी तिनं डोळे घट्ट मिटले. काही झालं नाही. तिनं एक डोळा उघडून पाहिलं. मग बाजेचा पाया धरून टाच टेकली. मग दुसरा पाय. आणि माझी मुलगी त्या वाकड्या पाठीवर उभी राहिली.

"गेली का गं मी?" खालून आवाज आला.

"न्हाई."

"हितंच हाय?"

"हितंच हाय."

"मग तुडव की. उभी काय ऱ्हातीस."

नीलूनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग जरा दाबून टाकलं, मुद्दाम, खात्री करायला. मग उडी मारली. मला वाटलं बाईचा मणका आता मोडतो. मी पुढं व्हायला निघालो, तर कमलम्मानं जमिनीवरूनच हाताची बोटं हलवून मला थांबवलं. तिनं मला केव्हाच पाहिलं होतं. तिचं तोंड माझ्याकडे होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज साधा. "हाव. तितंच. लई बरं वाटायलं बघ."

मी ज्याला विज्ञान म्हणायचो ते हेच असतं, नाही का? मांडलेली गोष्ट खरी का खोटी ते करून बघायचं. फरक एवढाच की मी पहार वापरली आणि तिनं स्वतःची पाठ.

किती वेळ गेला कोण जाणे. नीलू तुडवता तुडवता गोणपाटाच्या कडेला आली, थांबली, आणि तिनं एक पाय मातीवर ठेवला. वाट पाहिली. दुसरा ठेवला. महिन्यानंतर तिचे दोन्ही पाय भुईवर होते, लिंबाच्या वाळक्या पानांत. मी काही बोललो नाही, देवाशप्पथ सांगतो, तेवढी अक्कल मला तेव्हा आली होती.

"मग आबा कशानं खाली गेला?" तिनं विचारलं.

"थकला व्हता," कमलम्मा म्हणाली. "थकलं की माणूस बसतंय, अव्वा. कुणी पाय दिला म्हणून न्हाई."

"त्याची पाठ दुखत आसंल?"

"ते मला ठावं न्हाई. तुझा आबा हाय, तूच इचार जाऊन. पर एक सांगते. म्यां पेवात व्हते तवा वरून आईचे पाय वाजले की मला बरं वाटायचं. दुसऱ्या कुणाचे वाजले की न्हाई वाटायचं. खालच्याला पाय वळखू येतेत."

मग तिनं मिलमधल्या दोघींना हाक मारली. त्यांनी आणि मी मिळून तिला उठवलं. त्यानंतर पंधरा दिवस तिला बसता आलं नाही, पोरं तिच्या बाजेभोवती खेळायची, हे मला पुढं महानंदाकडून कळलं. त्या दिवशी मात्र मी तिचे पाय धरायला वाकलो तर ती म्हणाली, "सायब, बस चुकंल." आणि हळूच, नीलूला ऐकू जाणार नाही असं, "रानात गेल्यावर तिला खाली सोडू नगासा. तुमी बसा, ती आपली आपण उतरंल."

गावी पोचेपर्यंत नीलू स्टँडवर चालली, वेशीपासून घरापर्यंत चालली, जपून, प्रत्येक पाऊल बघत. आत्याचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "लातुरात कोण बी चालंल. गुंडप्पाच्या भुईवर चालू दे, मग मी मानते. डाग देणारा माणूस बोलावलाय, त्याला माघारी कसं लावू?"

रविवारी सकाळी आम्ही रानात गेलो. विहिरीजवळ गोवऱ्यांचा विस्तव केला होता आणि त्यात विळा खुपसलेला. डाग देणारा उकिडवा बसून बिडी ओढत होता. माझी आई समाधीपाशी उभी होती, महानंदा माझ्या मागं. नीलू माझ्या कडेवर होती, आणि भेगाळलेलं रान दिसताच तिचे पाय माझ्या पोटाशी आवळले गेले.

"बघ," आत्या म्हणाली. "बघितलंस?"

"आत्या, विळा लागणार नाही," मी म्हणालो. "ती चालली तरी आणि नाही चालली तरी." आत्याला मी आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोललो. मग नीलूला घेऊन मी मातीत मांडी घातली आणि बसून राहिलो.

मग माझ्या मांडीवरून एक पाय खाली गेला. भेगेच्या अलीकडे टेकला. दुसरा टेकला. ती उठून उभी राहिली आणि सरळ माझ्या आईकडे गेली.

"आज्जी, आबाची पाठ कुठल्या अंगाला हाय?"

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. बसवताना तोंड कुणीकडं केलं होतं ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? तिनं हात केला. "तोंड तिकडं. पाठ हिकडं, विहिरीच्या अंगाला."

नीलू त्या बाजूनं समाधीच्या ढिगावर चढली. आत्या पुढं धावली, "अगं ए, समाधीवर पाय..."

माझ्या आईनं हात आडवा धरला. आबा गेल्यापासून ती कशातच मध्ये पडली नव्हती. "तुडवू द्या, वन्सं," ती म्हणाली. "महिना झाला, त्यांची पाठ कुणी तुडवली न्हाई."

नीलू तुडवत होती. एक पाऊल, दुसरं पाऊल, हात पसरून तोल सांभाळत, जपून, मग जरा जोरानं. ढेकळं फुटून बारीक धूळ उडत होती. मध्येच ती थांबली, खाली वाकली आणि विचारलं, "बास का, आबा?"

आणि आम्ही सगळे, आत्या, महानंदा, मी, डाग देणारासुद्धा, उत्तर ऐकायला कान देऊन राहिलो.